पासष्ट मिलिमीटर

सोयाबीन चार दिवस पाण्यात उभं राहिलं की त्याला मेलेल्या उंदरासारखा वास येतो. पाचव्या दिवशी शेंगेतच कोंब फुटतात, आणि मग तो वास अंगावरच्या कपड्यांना लागतो, भाकरीला लागतो, शाळेच्या सतरंज्यांनाही लागतो. पंचवीस सालच्या सप्टेंबरअखेरीपासून आमच्या मंडळातल्या अकरा गावांनी हा वास तीन आठवडे घेतला. कागदावर मात्र त्या अकरा गावांत अतिवृष्टी झालीच नव्हती.

मी लातूर जिल्ह्यात, नांदेडच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावात प्राथमिक शिक्षक आहे. माझी तीन एकर जमीनही त्याच शिवारात आहे. हे लिहितोय ते अयोध्याक्कांबद्दल. त्या आमच्या गावच्या कोतवाल. कोतवाल म्हणजे तलाठ्याच्या हाताखालचा माणूस: दवंडी द्यायची, नोटिसा वाटायच्या, साहेब आले की खुर्च्या मांडायच्या. आणि आमच्या गावात आणखी एक काम, पाऊस मोजायचा.

दहा-बारा गावांचं एक महसूल मंडळ असतं आणि त्यातल्या एका गावी पर्जन्यमापक असतो. आमचा शाळेच्या मागं, तारेच्या कुंपणात आहे. वर नरसाळं, खाली बाटली, आणि बाटलीतलं पाणी मोजायला वीस मिलिमीटरचा काचेचा ग्लास. रोज सकाळी साडेआठला अक्का कुंपणाचं कुलूप उघडायच्या, ग्लास सपाट फरशीवर ठेवायच्या आणि गुडघे टेकून, डोळा पाण्याच्या बरोबरीला आणून आकडा वाचायच्या. उभ्यानं वाचताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

अक्कांना घाण सोसत नसे. सोसत नसे म्हणजे अगदीच सोसत नसे. पंचायतीच्या भिंतीवर गुटख्याची पिचकारी दिसली की त्यांचं तोंड असं वाकडं व्हायचं, की थुंकणारा ओशाळून बाजूला सरकायचा. नरसाळ्यात एखादा बेडूक बसलेला असला की त्या तो काडीनं बाहेर काढायच्या आणि मग नळावर कोपरापर्यंत हात धुवायच्या. "नाकावर राग घेऊन फिरती," असं बाया म्हणायच्या. राग नव्हता तो, किळस होती, आणि ती नुसती बेडकाची नव्हती.

त्यांचे मालक बजरंग आधी कोतवाल होते. मोटारीचा शॉक लागून ते गेले आणि त्यांच्या जागी नऊ साली अक्का लागल्या. दहावी पास होत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मालकांच्या हातची जुनी रजिस्टरं उघडली. बारा, वीस, पंधरा, वीस, पंचवीस. एकाही आकड्याला पॉइंट नव्हता. एका जूनमध्ये अक्का स्वतः घागर घेऊन दिवसभर टँकरच्या रांगेत उभ्या होत्या, त्या तारखेला मालकांनी पंचवीस मिलिमीटर पाऊस लिहिला होता. हॉटेलात चहा पिता पिता भरलेली पानं होती ती. अक्कांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. मालकांची रजिस्टरं त्यांनी कापडात बांधून माळ्यावर टाकली आणि नवं रजिस्टर सुरू केलं. पहिल्या पानावर पहिला आकडा होता चार पॉइंट सहा.

सोळा साली दोन कोरड्या वर्षांनंतर सप्टेंबरात मोठा पाऊस आला. ओढ्याकाठची पिकं वाहून गेली. चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की मंडळ अतिवृष्टीत धरतात, त्याच्या खाली धरत नाहीत. अक्कांच्या ग्लासात निघाले एकसष्ट पॉइंट आठ.

नऊ वाजेपर्यंत सरपंच शेषेराव दहा-बारा माणसं घेऊन कुंपणापाशी आले. त्या माणसांत मीही होतो.

"अक्का, तीन मिलिमीटरचा तर सवाल हाय," शेषेराव म्हणाले. "तांब्याभर पाणी बी लागत न्हाई त्याला."

"ग्लास तीन बार भरला, वर एक पॉइंट आठ," अक्का म्हणाल्या. "एकसष्ट आठ."

"गावाचं वाटोळं झालेलं दिसून राहिलं ना तुमाला?"

"दिसून राहिलं. वाटोळ्याचा आकडा तुमी लिवा. पावसाचा मी लिवते."

मग मी बोललो. "अक्का, कोण तपासायला येणार आहे?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. नरसाळ्यातल्या बेडकाकडं बघताना व्हायचं, तसंच तोंड झालं होतं त्यांचं. मग त्यांनी आकडा तहसीलला कळवला.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी शाळा बंद करताना मी शेषेरावांच्या पुतण्याला आणि आणखी एका माणसाला कुंपणाच्या आत पाहिलं. तार वाकवून शिरले होते. मी हाक मारली नाही. सायकलला पायडल मारलं आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी आभाळ निरभ्र होतं, तरी बाटली जड लागली. अक्कांनी नेहमीसारखं ग्लासात ओतलं, गुडघे टेकले, डोळा बरोबरीला आणला आणि मग त्यांना वास आला. बाटलीत लघवी होती. ग्लास खाली ठेवून त्या लिंबाच्या झाडामागं गेल्या आणि ओकल्या. नंतर शाळेच्या चुलीवर पाणी तापवून त्यांनी बाटली, नरसाळं, ग्लास सगळं तीन-तीन वेळा धुतलं. रजिस्टरात लिहिलं, "नमुना दूषित. पाऊस शून्य."

मी तिथंच उभा होतो. "गुरुजी, कुणी आत शिरलेलं दिसलं का तुमाला?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

वर्गात गेलो तर पोरं सुविचार लिहीत होती. सत्यावरच होता. मी तो पुसायला लावला.

अठरा साली स्वयंचलित यंत्र आलं. एका कंपनीची माणसं गाडीतून उतरली आणि मोकळी जागा शोधण्याऐवजी, कुंपण तयार आहे म्हणून, त्याच कुंपणाच्या पार दुसऱ्या टोकाला, लिंबाच्या फांद्यांखाली त्यांनी खांब रोवला.

"झाडाखाली न्हाई बसवायचं," अक्का म्हणाल्या. "झाडाच्या उंचीच्या दुप्पट लांब पाहिजे. मला टरेनिंगला सांगितलंय."

"मावशी, हे सॅटेलाइटला जोडलेलं आहे," तो पोरगेला इंजिनिअर म्हणाला. "ह्याला झाडबिड काही होत नाही."

खांबासोबत फोटो काढून ते निघून गेले. तेव्हापासून यंत्राचा आकडा खरा आणि अक्कांचा आकडा 'पडताळणीसाठी'. सात वर्षांत ती पडताळणी कुणीच केली नाही. अक्कांचं मोजणं मात्र थांबलं नाही. थांबवा असा हुकूमच कुणी काढला नाही.

तेवीसचा ऑगस्ट कोरडा गेला. सलग चोवीस दिवस अक्कांनी कुलूप उघडलं, कोरडी बाटली उलटी करून पाहिली आणि शून्य पॉइंट शून्य लिहिलं. त्याच महिन्यात त्यांच्या भावाची मुलगी ऋतुजा आली. ती परभणीला हवामानशास्त्र शिकते. तिला एकाच हातानं, एकाच जागी मोजलेली जुनी आकडेवारी हवी होती, आणि तशी मराठवाड्यात फार थोड्या ठिकाणी मिळते. तीन दिवस ती माझ्या वर्गात बसून रजिस्टरं लॅपटॉपवर उतरवत होती.

"आत्या, आतोबांची रजिस्टरं कुठं आहेत?" तिनं विचारलं. "ती पण धरली तर माझी वर्षं वाढतील."

"ती धरू नको."

"कामून?"

"खोटी हायत मनून." एवढंच म्हणून अक्का उठल्या आणि अंगण झाडायला लागल्या. झाडलेलंच अंगण होतं ते.

तिसऱ्या दिवशी ऋतुजानं आम्हाला बसवून सांगितलं. वर्षाचा एकूण पाऊस फारसा कमी झाला नव्हता. पण अक्कांच्या पहिल्या सात वर्षांत पावसाचे दिवस सरासरी सत्तेचाळीस होते, नंतरच्या सात वर्षांत चौतीस. तेवढंच पाणी कमी दिवसांत पडत होतं. आधी महिना-महिना कोरडं, मग एका दिवसात ओढा गावात.

"असं का?" मी विचारलं.

"एकच कारण नाही, गुरुजी. पॅसिफिक महासागरात वारं एरवी पूर्वेकडून पश्चिमेकडं वाहतं आणि वरचं गरम पाणी आशियाच्या अंगाला ढकलून ठेवतं. काही वर्षी ते वारं ढिलं पडतं. मग ते पाणी उलटं अमेरिकेच्या बाजूला सरकतं आणि ढग तयार व्हायची जागापण सरकते. यंदा तेच झालंय. अशा वर्षी आपल्याकडं बऱ्याचदा खंड पडतो."

"आणि पडतो तेव्हा एवढा कसा पडतो?"

"अरबी समुद्र तापलाय. बंगालचा उपसागर पण. गरम समुद्रावरची गरम हवा जास्त वाफ धरून ठेवती. सप्टेंबरात उपसागरातून एखादा कमी दाबाचा पट्टा तेलंगणावरून आपल्याकडं आला, की ती सगळी वाफ एकाच जागी खाली येती. हे आधी पण व्हायचं. आता जास्त वेळा होईल."

अक्का ऐकत होत्या. समुद्र त्यांनी कधी पाहिला नाही. नांदेडच्या गोदावरीच्या पुढं त्या गेलेल्या नाहीत.

"मंजे पाणी तिकडं तापलं, तिकडं सरकलं," त्या म्हणाल्या. "ते तापवलं कुणी, ते बी मानसंच असतील. आन् हितं हा शेषेराव सप्त्यात सांगून राहिला, देव कोपला मनून. देवाच्या नावावर टाकलं की कुणालाच लाज वाटायची गरज न्हाई."

शेषेरावांना लाज वाटायला वेगळं कारणही होतं. गावाबाहेरचा ओढा बुजवून त्यांनी प्लॉट पाडले होते. वीस फुटांचा ओढा आता सिमेंटच्या दोन नळ्यांतून जात होता.

पंचवीसच्या सप्टेंबरात, शेवटच्या आठवड्यात, त्या नळ्यांचं काय झालं ते सांगायला नको. सकाळी उजाडलं तेव्हा माझ्या घराच्या पायरीला पाणी होतं. ओढा आपल्या जुन्या वाटेनं निघाला होता आणि त्या वाटेत आता नागाबाईचं घर होतं. नागाबाई म्हणजे शाळेत खिचडी शिजवणारी विधवा बाई. ती पत्र्यावर चढून वाचली. गोठ्यातल्या दोन म्हशी आणि एक रेडकू दाव्याला बांधलेली बुडून मेली.

साडेआठला अक्का गुडघाभर चिखलातून कुंपणाशी आल्या. मीही गेलो. ग्लास सात वेळा काठोकाठ वीसपर्यंत भरला, आठव्यांदा दोन पॉइंट चार निघाले. एकशे बेचाळीस पॉइंट चार. अक्कांनी माझ्यासमोर दोनदा बेरीज केली आणि आकडा तहसीलच्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत उत्तर आलं: यंत्रावर एकेचाळीस दिसतंय, तुमचा आकडा दुरुस्त करा.

संध्याकाळी अतिवृष्टीच्या मंडळांची यादी आली. आमचं मंडळ त्यात नव्हतं.

पंचनाम्याशिवाय जनावरं पुरू नका, असं नागाबाईला कुणीतरी सांगितलं होतं. आणि पंचनामा यादीतल्या मंडळांचा आधी. मग त्या म्हशी तिथंच पडून राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांची पोटं फुगून पाय वर झाले. चौथ्या दिवशी एकीचं पोट फुटलं. मी त्या गल्लीत शाळेला जाताना नाकाला रुमाल लावून जायचो. नागाबाई मात्र तिथंच, दहा हातांवर, ओल्या पिठाच्या भाकरी थापत बसलेली असायची, कारण दुसरं घर नव्हतं. माश्या म्हशीवरून उठून परातीवर बसत होत्या. एक पुढारी गाडीतून न उतरता काच खाली करून "धीर सोडू नका" म्हणाला आणि त्यानं काच लगेच वर घेतली. त्या माणसापेक्षा मला त्या माश्या बऱ्या वाटल्या.

पाचव्या दिवशी ऋतुजाचा फोन आला. यंत्राची तासातासाची नोंद तिनं संकेतस्थळावरून काढली होती. "आत्या, यंत्र म्हणतंय की पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत बारीक पाऊस चालूच होता. अगदी एकसारखा. तिकडं पडत होता का?"

"दुसऱ्या दिवशी ऊन होतं. मी गोधड्या वाळू घातल्या."

"मग वरचं नरसाळं तुंबलंय. पाणी थेंब थेंब आत जात होतं, बाकीचं काठावरून सांडलं. उघडून बघायला लावा."

सहाव्या दिवशी तहसीलचे साहेब आले. सोबत तलाठी, कंपनीचा एक माणूस आणि शेषेराव. साहेबांनी रजिस्टर मागून घेतलं, त्या दिवशीच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, इथं एकशे बेचाळीस आणि वर एकेचाळीस. असं दोन प्रकारचं रेकॉर्ड ठेवता येत नाही. पुढचा एक खोडला की झालं. हातून चूक होते माणसाच्या."

मी आकड्यांकडं पाहिलं. बेचाळीस पॉइंट चार उरले असते, एकेचाळीसच्या अगदी जवळ. साहेब हुशार होते.

अक्का काही बोलायच्या आत शेषेराव पुढं झाले. "साहेब, आमच्या अक्का जन्मात खोटं लिवनार न्हाईत. सोळा साली सगळं गाव पाया पडत होतं, तीन मिलिमीटर वाढवा मनून. न्हाई वाढवले. मी सोता साक्षी हाव."

त्यांच्या आवाजात अभिमान होता. अक्कांनी त्यांच्याकडं पाहिलं, आणि मला वाटलं त्या आता पुन्हा लिंबामागं जातात की काय.

"शेषेराव," त्या म्हणाल्या, "तुमी माझी गवाही देऊ नका. तुमच्या तोंडातून माझं नाव आलं की मला आंघोळ करावी वाटती."

अक्का साहेबांकडं वळल्या. "मी खोडत न्हाई. तुमी यंत्र उघडा."

कंपनीचा माणूस म्हणाला, त्याच्याकडं किल्ली नाही. मग अक्कांनी शाळेची शिडी मागितली. ती मी धरली. एवढं तरी मी केलं. त्या वर चढल्या आणि लुगड्याचा पदर नाकाला बांधून नरसाळ्यावरची जाळी काढली. आधी लिंबाची कुजकी पानं आली, काळा चिखल झालेली. मग पारव्याच्या विष्ठेचा बोटभर थर. त्याखाली एक मेलेली पाल, अर्धी विरघळलेली, आणि तिच्यात वळवळणाऱ्या अळ्या. ज्या बाईला भिंतीवरची पिचकारी बघवत नव्हती, त्या बाईनं हे सगळं उघड्या हातानं काढलं आणि साहेबांच्या पुढ्यात ओट्यावर मांडलं. साहेब दोन पावलं मागं सरकले.

"ह्याच्यातून गाळून तुमचे एकेचाळीस आले," अक्का म्हणाल्या. "फोटो काढा."

तलाठ्यानं फोटो काढला. साहेबांनी रुमालातून सांगितलं की अहवाल पाठवू. नागाबाईच्या म्हशी त्या दिवशी पुरल्या गेल्या. जेसीबीच्या बकेटातून नेताना एकीची कातडी मागं राहिली.

बारा दिवसांनी अहवालाचं उत्तर आलं: यंत्र तपासणीअंती सुस्थितीत आढळले. ते खरंच होतं. तपासणीच्या आदल्या दिवशी कंपनीच्या माणसानं येऊन नरसाळं धुतलं होतं. तोपर्यंत वरून हुकूम निघून सगळा तालुकाच मदतीत धरला गेला होता. म्हणजे गावाला जे मिळायचं ते मिळालं, आणि ते एकशे बेचाळीस पॉइंट चारमुळं मिळालं नाही. तो आकडा कुठल्याच सरकारी कागदावर गेला नाही. ऋतुजाच्या कामात मात्र तो आहे, तळटिपेसकट.

गावानं मारुतीच्या पारावर अक्कांचा सत्कार ठरवला. शेषेरावांनी शाल आणली. अक्का आल्याच नाहीत. नागाबाईकडं गेल्या होत्या, गोठा धुवायला. मी सत्कारावरून उठून तिकडं गेलो. दोघी फिनेल टाकून खराट्यानं फरशी घासत होत्या. मीही एक खराटा घेतला. दाराकडून घासत आत आलो.

"अक्का," शेवटी मी म्हणालो, "सोळा साली मला दिसलं होतं. कोण होतं ते."

त्यांनी घासणं थांबवलं नाही. "ठाव हाय मला. तुमी न्हाई म्हनला तवा माझ्याकडं बघितलं न्हाई."

"मग इतकी वर्षं..."

"इतकी वर्सं काय? रोज साडेआठला कुंपणापाशी येऊन उभं ऱ्हायचा तुमी. बघत होते की." मग म्हणाल्या, "तिकडच्या कोपऱ्यात फिनेल टाका. लई वास यून राहिला."

ऑक्टोबरच्या मध्यात पुन्हा एक पाऊस झाला. सकाळी मी कुंपणापाशी असताना अक्कांचा फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर ठेवला, कारण हातात ग्लास होता. शेजारच्या गावचा माणूस होता. "अक्का, तुमचं नाव लई झालंय तालुक्यात. आता तुमच्या आकड्याला वजन हाय. यंदा जरा सढळ हातानं लिवा."

अक्कांनी फोन बंद केला. मग उरलेलं पाणी दुसऱ्यांदा ग्लासात घेतलं, ओल्या मातीत गुडघे टेकले, डोळा पाण्याच्या बरोबरीला आणला आणि मला म्हणाल्या, "लिवा गुरुजी. सव्वीस पॉइंट दोन."

मी लिहिलं.